पाहुण्याच्या गळ्यातली पट्टी

मास्तरांच्या दुकानात नवीन काही शिवून मिळत नाही. कुणी कापड घेऊन आलंच, तर मास्तर ते हातात घेतात, दोन बोटांत चुरून बघतात, चांगलं आहे म्हणतात आणि परत देतात. "नव्याचं काम पुढच्या चौकात. आमच्याकडे फक्त झालेल्या चुका." पँट लांब झाली, कंबर सुटली, चेन अडकली, बापाचा कोट मुलाला बसवायचा आहे, असलं सगळं त्यांच्याकडे येतं. माणसं जाड होतात, बारीक होतात, पुन्हा जाड होतात, आणि तेवढ्यावर मास्तरांचं घर चालतं.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. एक पायमशीन, इस्त्रीचं लांब टेबल, तयार कपड्यांची दांडी, आणि आतल्या खोलीच्या दाराला एक पडदा. हा पडदा मास्तरांनी स्वतः शिवला आहे आणि तो चांगला चार बोटं आखूड आहे. गिऱ्हाइकांना ते दिसतं, पण बोलायची कुणाची हिंमत नाही. आक्का सोडून.

आक्का ही मास्तरांची थोरली बहीण. शाळेत पस्तीस वर्षं गणित शिकवलेली, त्यामुळे दुसऱ्याची चूक तिला आधी दिसते आणि दुसरा माणूस नंतर. नवरा गेल्यावर सहा वर्षांपूर्वी ती दोन ट्रंका आणि एक मांजर घेऊन भावाकडे राहायला आली. मास्तर आता त्रेसष्टचे आहेत, तरी ती त्यांना 'धाकट्या' म्हणते, आणि तेही भर दुकानात, कुणाच्या तरी कमरेला टेप लावलेला असताना. मास्तरांनी लग्न केलं नाही. का, असं कुणी विचारलं तर म्हणतात, "मापात बसलं नाही." एवढं बोलून ते तोंडात टाचण्या धरतात, मग पुढचं विचारून उपयोग नसतो.

हे दुकान टाकण्याआधी मास्तर बावीस वर्षं तयार कपड्यांच्या कारखान्यात होते. अशा कारखान्यात अख्खा शर्ट कुणीच शिवत नाही. कुणी जन्मभर बाह्या जोडतो, कुणी काजं करतो. मास्तरांच्या वाट्याला लेबल आलं. कॉलरच्या खाली, मानेच्या बरोबर मधोमध, आतल्या बाजूला, चारी कडांना टीप. दिवसाला चारशे. पुढेपुढे तर ते डोळे मिटून लावायचे. "निम्म्या जगाच्या मानेवर माझा हात आहे," असं ते म्हणायचे, आणि हिशेब केला तर ते फारसं खोटं नसावं.

आक्काच्या मांजरीचं नाव बाईसाहेब. करडा रंग, भरलेलं अंग, वय अकरा. इस्त्रीच्या टेबलाचा उबदार कोपरा तिचा, दुपारचं ऊन तिचं आणि आक्काची मांडीही तिचीच. मास्तर तिला रोज मासळी उकडून घालत, तिची वाटी धुवत, तिच्या केसांनी भरलेले कोट ब्रशने झाडत. सहा वर्षांत ती त्यांच्या मांडीवर एकदाही बसली नाही. एकदा त्यांनी उचलून बसवली, तर मनगटावर तीन ओरखडे काढून उतरली. "तिला माणसाची पारख आहे," आक्का म्हणाली होती. मास्तर हसले होते. पण त्यानंतर त्यांनी तिला उचललं नाही.

अशा घरात एके दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला एक बोका आला.

पिवळा-पांढरा होता आणि डाव्या कानाचं टोक गेलेलं होतं. बिचकणं नाही, म्याँव नाही. उंबरठा ओलांडून आला तो सरळ गिऱ्हाइकांच्या पिशव्यांपाशी गेला, एकेक पिशवी हुंगून तपासली, बाईसाहेबांच्या वाटीतलं उरलंसुरलं खाल्लं आणि मशीनखाली शिरला. मास्तर टीप मारत होते. बोका पायडलवर चढला आणि त्यांच्या डाव्या पावलावर बसला. चारी पाय पोटाखाली घेऊन, अगदी ठरलेल्या जागेवर बसावं तसा.

मास्तर थांबले. पायडल थांबलं. बोक्याने वर बघितलं. मास्तरांनी हळूच पुन्हा पाय हलवला, तसा बोका पायडलबरोबर वरखाली झुलू लागला आणि डोळे मिटून घुरघुरायला लागला. मास्तरांच्या पावलातून ती घुरघुर पोटरीपर्यंत आली. त्या दिवशी एका पँटची खालची दुमड शिवायला एरवी जितका वेळ लागतो त्याच्या तिप्पट लागला.

दुसऱ्या दिवशी बोका पुन्हा अकराला हजर. तिसऱ्या दिवशीही. दीडच्या सुमाराला उठून, आळस देऊन निघून जायचा. मास्तर त्याला पाहुणा म्हणू लागले. आक्का त्याला उपटसुंभ म्हणायची.

"आयत्या बिळावर नागोबा," ती पडद्याआडून म्हणाली. "आणि बिळाचा मालक त्याला मासळी भरवतोय!"

"उरलेली देतो गं."

"उरलेली? पातेल्यात आज दुप्पट तुकडे होते, धाकट्या. मोजता येतं मला."

बाईसाहेब काही बोलल्या नाहीत. टेबलाच्या कडेला बसून त्या खाली नुसत्या बघत राहिल्या. पाचव्या दिवशी त्यांनी आपलं म्हणणं मांडलं. एका वकिलाचा काळा कोट इस्त्री करून टेबलावर पसरून ठेवला होता. बाईसाहेब त्याच्यावर चढल्या, मधोमध उभ्या राहिल्या आणि मास्तरांच्या डोळ्यांत डोळे घालून मुतल्या.

कोट तीनदा धुवावा लागला. वकिलांना "अस्तराचं काम निघालं" असं सांगावं लागलं. आणि बाईसाहेबांना टोपलीत घालून बहीणभाऊ जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं, दात बघितले. "हिला काही झालेलं नाही. हिला राग आलाय. घरात दुसरं मांजर येतंय का?"

"छे," मास्तर म्हणाले.

"येतंय," आक्का म्हणाली. "पिवळा बोका. रोज अकराला येतो, जेवतो, दीडला जातो. नोकरीला असल्यासारखा."

डॉक्टर हसले. "भटका आहे की कुणाचा?"

"भटकाच," मास्तर घाईने म्हणाले. "कानाचं टोक गेलंय त्याच्या."

"ते मारामारीत जातं. ऑपरेशन करून सोडलेल्या मांजरांचंही खुणेसाठी कापतात. त्यावरून काही ठरत नाही. अंगावरचे केस कसे आहेत?"

"चकचकीत," आक्का म्हणाली.

"आमच्याकडे येऊन झालेत," मास्तर म्हणाले.

"पाच दिवसांत?" डॉक्टरांनी विचारलं. यावर मास्तरांनी बाईसाहेबांची टोपली उगाचच नीट लावली.

डॉक्टरांनी मग समजावून सांगितलं. हिचं जेवण आतल्या खोलीत, दार लावून. त्याला खायला घालणं बंद, निदान तो कुणाचा आहे हे कळेपर्यंत. कारण कुणाचा असेल तर त्या घरी कुणीतरी भरलेली वाटी घेऊन वाट बघत असेल. "आणि कागदाची एक पट्टी करा. त्यावर लिहा, हे मांजर तुमचं आहे का? खाली फोन नंबर. गळ्यात सैल अडकवून द्या. घर असेल तर उत्तर घेऊन येईल. आठ-दहा दिवसांत काही आलं नाही, तर त्याला इथे घेऊन या. मग तुमचा."

हे शेवटचे दोन शब्द मास्तरांनी घरी येईपर्यंत तोंडात घोळवले. 'कागदाची' हा शब्द मात्र त्यांना अजिबात पटला नाही. कागदाची पट्टी? शिंप्याच्या घरून निघणार आणि कागदाची?

त्यांनी निळं सुती कापड काढलं. मान आतून घासू नये म्हणून जुन्या पायजम्याचं मऊ फ्लॅनेल आत लावलं. दोन बोटं सहज जातील इतकी ढील ठेवली. जोड पक्का केला नाही, कच्चा धावदोरा घातला, म्हणजे कुठे फांदीत-बिंदीत अडकला तर दोरा तुटेल, बोका नाही. आक्काने पांढऱ्या फितीवर न धुपणाऱ्या शाईने, फळ्यावर लिहिल्यासारख्या गोल अक्षरांत लिहून दिलं: 'हे मांजर आपले आहे का? असल्यास कळवावे.' खाली फोन नंबर, आणि 'कोपऱ्यावरचे कपडे दुरुस्तीचे दुकान.' लिहून ती स्वयंपाकाला गेली. मास्तरांनी फीत पट्टीवर ठेवली, बरोबर मधोमध, आणि चारी कडांना टीप मारली.

मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार यावर उंदरांची आजवर सभा चालू आहे. मास्तरांना दोन मिनिटं लागली. पाहुणा पायडलवर बसलेला होता. त्याने मान पुढे केली, पट्टी घालून घेतली, आणि दीडला रोजच्यासारखा निघून गेला.

मास्तर उत्तराची वाट बघू लागले. म्हणजे, उत्तर येऊ नये म्हणून वाट बघू लागले. फोन वाजला की त्यांच्या हातातली सुई थांबायची. "हॅलो, पँट झाली का?" असं ऐकलं की चेहरा उजळायचा. पँट झाली नाही हे ऐकवताना इतका आनंदी होणारा शिंपी गिऱ्हाइकांनी याआधी पाहिला नव्हता.

दोन दिवस गेले, चार गेले. पाहुणा येत होता, गळ्यात निळी पट्टी मिरवत. बाईसाहेब आत दार लावून जेवत होत्या, त्यामुळे कोट कोरडे होते. मासळी बंद करण्याबद्दल डॉक्टरांनी जे सांगितलं होतं, ते मास्तरांना नीटसं ऐकू आलं नसावं.

"कुणाचा असता तर एव्हाना फोन आला असता," सातव्या दिवशी ते म्हणाले.

"डॉक्टरांनी खायला घालू नका म्हटलं होतं," आक्का म्हणाली.

"चटक लागलीय त्याला. आता तोडायची कशी?"

"मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. इथे मांजराचे डोळे चांगले उघडे आहेत. मिटलेत ते तुझे."

आठव्या दिवशी मास्तरांनी उरलेल्या चिंध्या भरून एक छोटी गादी शिवली. टाचण्यांची आहे म्हणाले. आक्काने ती उचलून बघितली, पाठीमागे फिरवून बघितली आणि जागेवर ठेवली. "हत्ती टोचता येईल एवढ्या टाचण्या आहेत का तुझ्याकडे?" एवढंच म्हणाली.

दहाव्या दिवशी आक्का दुकानात स्टुलावर बसून मटार सोलत होती. बाईसाहेब आत झोपल्या होत्या. मास्तर मशीनवरून उठून दांडीवर कपडे लावत होते, त्यामुळे पायडल रिकामं होतं, आणि पाहुण्याला कुठेतरी बसायचं होतं. त्याने आक्काच्या मांडीवर उडी मारली.

"ऊठ. ऊठ म्हणते ना. मी तुझी कोण लागते?" आक्का ओरडली. पण तिचा हात केव्हाच त्याच्या मानेवर गेला होता. बोक्याने मान ताणून दिली, ती खाजवत राहिली, पट्टी बोटांबरोबर पिळली आणि उलटली. आक्काचं खाजवणं थांबलं. तिने चष्मा कपाळावरून नाकावर घेतला.

"धाकट्या, इकडे ये."

"कपडे लावतोय."

"कपडे राहू देत. मी लिहून दिलेली फीत कुठे आहे?"

"पट्टीवर."

"पट्टीवर कुठे?"

"कुठे म्हणजे? मधोमध. आतल्या बाजूला."

"आतल्या?"

"लेबल आतच असतं, आक्का."

"शर्टाचं!" मटारचं ताट खाली पडलं. "शर्ट घालणाऱ्याने वाचावं म्हणून आत असतं ते! या बोक्याला वाचता येतं का? दहा दिवस हा गावभर प्रश्न घेऊन फिरतोय आणि प्रश्नाचं तोंड याच्या मानेत!"

मास्तर जवळ आले. वाकून बघितलं. फीत कशी देखणी बसली होती, चारी कोपरे काटकोनात. बावीस वर्षांत हात एकदाही चुकला नव्हता आणि आजही चुकला नव्हता. ते हसायला लागले, आणि हसता हसता मध्येच थांबले.

आक्का त्यांच्याकडे बघत होती. वर्गात उत्तर चुकलेल्या मुलाकडे बघायची तशी नाही. मुलाचं उत्तर बरोबर आलं आहे पण त्याने शेजारच्याचं बघून लिहिलंय, असा संशय आल्यावर बघायची तशी.

"मुद्दाम केलंस का रे?" तिने हळू विचारलं.

"नाही गं."

मटाराचे दाणे खोलीभर झाले होते. मास्तर खाली बसून ते गोळा करू लागले. पाचसहा दाणे उचलल्यावर म्हणाले, "नसावं."

आक्काने बोक्याच्या पाठीवरून हात फिरवला. "उसव," ती म्हणाली.

चार टिपा उसवायच्या, फीत उलट्या बाजूला ठेवायची, चार टिपा मारायच्या. पाच मिनिटांचं काम. मास्तरांना ते दीडपर्यंत पुरलं. धावदोरा घालून पट्टी परत गळ्यात घातली तेव्हा पांढरी फीत लांबूनही वाचता येत होती. पाहुणा उंबरठ्यावर थांबला, एक पाय चाटला, आणि गेला. मास्तर दारात उभे राहून बघत होते. गल्लीच्या टोकाला तो कुठल्या बाजूला वळतो हे त्यांनी आजवर कधी बघितलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी बघितलं. डावीकडे वळला.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडून अर्धा तास होतो न होतो, तोच एक बाई आत आल्या. पस्तीस-चाळिशीच्या, बस चालवणाऱ्यांचा निळा गणवेश, खांद्याला डब्याची पिशवी. मास्तरांचा हात सवयीने टेपकडे गेला.

"पँट का? लांबीला की कमरेला?"

"गळ्याला," ड्रायव्हरबाई म्हणाल्या, आणि त्यांनी पट्टी टेबलावर ठेवली.

मास्तरांनी टेप परत ठेवला.

"इथूनच आली ना ही?" बाई म्हणाल्या. "मला एक सांगा. तुमच्या मनात नक्की आहे काय? आधी ठेवून घेतलात, आता दहा दिवसांनी विचारताय, आपला आहे का म्हणून? कंटाळलात का त्याला?"

"ठेवून घेतला? मी?"

"नाहीतर काय! मी रात्री आठला घरी येते. त्या दिवशी येऊन बघते तर कंडक्टरच्या गळ्यात ही."

"कोणाच्या?"

"कंडक्टर. नाव आहे त्याचं. दारात जो येईल त्याची पिशवी तपासल्याशिवाय आत सोडत नाही." एवढं म्हणताना बाईंच्या आवाजातला राग जरा उतरला. "मी पट्टीखाली बोट घालून बघितलं. बोटाला आतून फ्लॅनेल लागलं! मांजराच्या पट्टीला अस्तर कोण लावतं हो? मला वाटलं, गेला हा. ज्या घरी त्याचे एवढे लाड होतात, त्यांनी त्याला आपला केला. काढावीशी वाटली होती पट्टी. पण माझ्याच्याने काढवली नाही. सात वर्षं आहे माझ्याकडे. पण मी दिवसभर बसवर. बाथरूमच्या झरोक्यातून जातो, झरोक्यातून येतो. दिवसाउजेडी त्याने मला कितीदा बघितलं असेल?"

बाईंनी पट्टी उचलली, पुन्हा ठेवली.

"रविवारी मी चाललेय," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या डेपोला बदली झालीय, चार तासांवर. सगळे सांगतात, मांजर माणसाला नाही, घराला धरून असतं. नेऊ नकोस, पळून जाईल, जिवाला मुकेल. मला ठरवताच येत नव्हतं. मग ही पट्टी दिसली. म्हटलं, चला, त्याचं त्यानेच ठरवलं. तेव्हापासून मी त्याची वाटीसुद्धा अर्धीच भरते, सवय मोडावी म्हणून. त्याची, नाहीतर माझी. आता तुम्ही सांगा. हवा असेल तर..."

त्यांनी डब्याच्या पिशवीचा पट्टा खांद्यावर उगाच नीट केला.

मास्तरांना फक्त एक शब्द बोलायचा होता. हवा आहे. त्यात खोटं काही नव्हतं. दहा दिवस ज्याची भीती होती ते माणूस स्वतः दारात येऊन तो बोका त्यांच्या पदरात टाकत होतं, आणि टाकताना समजून घ्यायलाही तयार होतं. त्यांनी आतल्या दाराकडे बघितलं. पडद्याखालच्या चार बोटांत आक्काची दोन पावलं दिसत होती. हलत नव्हती. आतून एक शब्द आला नाही. पस्तीस वर्षांत तिने पेपरात कुणाला उत्तर सांगितलं नव्हतं.

"मी त्याला ठेवून घेतला नव्हता," मास्तर म्हणाले. "ही पट्टी तेव्हापासून विचारतेच आहे. पहिल्या दिवसापासून. मी लेबल आत लावलं."

"आत?"

"सवयीने. कारखान्यात बावीस वर्षं..." त्यांनी हाताने मान दाखवली. "सवयीनेच, बहुतेक."

ड्रायव्हरबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग फ्लॅनेलच्या बाजूला उसवल्याची भोकं होती त्यांच्यावरून त्यांनी बोट फिरवलं.

"म्हणजे तुम्ही विचारत होता. आणि मी उत्तरच देत नव्हते."

"तुम्हाला प्रश्न दिसलाच नाही."

"म्हणजे तो गेला नव्हता."

"कुठला जातोय!" मास्तर म्हणाले. "तो नुसता जेवायला यायचा. खायचा आणि चालू पडायचा. ढुंकून बघायचा नाही कुणाकडे."

हे मात्र साफ खोटं होतं. पडद्याखालची पावलं थोडी हलली, पण चूक सुधारायला बाहेर आली नाहीत.

बाईंनी गणवेशाच्या बाहीने डोळे पुसले. मास्तरांना ते बघवलं नाही. कापड टेरिकॉटचं होतं, त्याने काय पुसलं जाणार? त्यांनी सुती तुकडा पुढे केला. "न्या त्याला," ते म्हणाले. "कशातून नेणार?"

"जुनी एक बॅग आहे. कापडी. पण तिला हवेला जागा नाही."

"आणून द्या."

बॅग संध्याकाळी आली. मास्तरांनी तिच्या दोन्ही बाजू कापून जाळीच्या खिडक्या बसवल्या, तळाला पुठ्ठा आणि त्यावर ती हत्ती टोचायची गादी घातली. शुक्रवारी पाहुणा अकराला आला तेव्हा त्याला आत बसवून बघितलं. डोक्याला जरा कमी पडत होतं. चेन उसवून दोन बोटं वाढवली. शनिवारी पुन्हा ट्रायल. "वकिलाच्या कोटालाही एवढ्या ट्रायल घेत नाहीस," आक्का म्हणाली, आणि बॅगेच्या पट्ट्याचं टोक धरून बसली, मास्तरांना टीप मारता यावी म्हणून. बाईसाहेब टेबलावरून उतरल्या, बॅगेभोवती एक फेरी मारून आल्या, आणि जाळीतून आतल्याच्या नाकाला नाक लावलं. फिस्कारल्या नाहीत. तेवढंच.

रविवारी स्टँडवर बहीणभाऊ दोघंही गेले. ड्रायव्हरबाईंना प्रवासी म्हणून बसायची सवय नव्हती. बस जागची हलली तसा त्यांचा उजवा पाय रिकाम्या जागेत ब्रेक दाबू लागला. मांडीवरच्या बॅगेत पिवळं-पांढरं काहीतरी गोळा होऊन बसलं होतं. मास्तरांनी हात हलवला नाही. बॅगेची शिवण कुठे ताणतेय का, ते बघत राहिले.

सोमवारी अकराला मास्तर उगाचच एकदा दारापर्यंत जाऊन आले. आक्काने ते बघितलं आणि बघितलं नाही असं केलं. दुपारी तिने बाईसाहेबांना उचलून मास्तरांच्या मांडीवर ठेवलं. बाईसाहेब तिथे अर्ध मिनिट बसल्या, पाहुणचार म्हणून, आणि उतरल्या.

संध्याकाळी फोन वाजला.

"मास्तर, हा जेवत नाहीये," ड्रायव्हरबाई म्हणाल्या. "काल आल्यापासून कपाटामागे जाऊन बसलाय. तुम्ही अकराला काय घालत होता?"

"उकडलेली मासळी. मीठ न घालता."

"तीच केली. वाटी पुढे सरकवली तर तोंड फिरवतो. मी आज रजा घेतली, दिवसभर जमिनीवर बसलेय त्याच्यासमोर. मला काही सुचत नाही हो." थोडं थांबून म्हणाल्या, "म्हटलं, तुमचा आवाज ऐकवून बघावा. तुम्ही त्याला काय म्हणून हाक मारायचात?"

मास्तरांनी आक्काकडे बघितलं. माणसांसमोर मांजराशी बोलण्याची त्यांना जन्मात सवय नव्हती. आक्काने त्यांच्याकडे एकवार बघितलं, बाईसाहेबांना काखेत मारलं, आणि आपल्याला आत फार काम असल्यासारखी आत निघून गेली.

"फोन त्याच्याजवळ धरलाय," पलीकडून आवाज आला. "बोला."

मास्तर खाकरले. "पाहुण्या," ते म्हणाले. मग त्यांना वाटलं, आता असं म्हणून कसं चालेल. "कंडक्टर. ऐकतोयस ना? जेवून घे बाबा. घर तुझंच आहे ते. त्या तुझ्यासाठी रजा टाकून बसल्यात."

मास्तरांनी फोन कानाशी घट्ट धरला.

"कान हलला," बाई कुजबुजल्या. "कपाटामागून डोकं काढलंय. थांबू नका. बोलत राहा, काहीही बोला."

काहीही म्हणजे काय बोलायचं, याचा मास्तरांनी क्षणभर विचार केला. मग फोन दुसऱ्या कानाला लावला, स्टूल ओढून घेतलं आणि मशीनला टेकून बसले.

"आज सकाळी एक पँट आली," ते सांगू लागले. "कंबर एवढी सैल की आत आणखी एक माणूस मावला असता. मी त्यांना विचारलं, साहेब, आजारी होता का? तर म्हणाले..."